बर्फ नसताना हस्कींची चाकाची गाडी – ट्रॉम्सोचा अनुभव आणि गप्पा

ध्रुवगंध | ३ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात आईअण्णांना घेऊन उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जाऊन आले, डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले. मी नोकरीमुळे सहा वर्षं ट्रॉन्डहाइमला आहे. अण्णा सातारा जिल्ह्यातले शेतकरी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. त्यांना अरोरा (रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश) दाखवायचा म्हणून सप्टेंबरअखेरची तिकिटं काढली होती. ऑगस्ट संपता संपता तिकडे रात्री परत काळोख पडायला लागतो त्यामुळे आकाश मोकळं असेल तर अरोरा दिसतो, आणि थंडी अजून हाडात शिरलेली नसते. वयस्कर माणसांना न्यायचं तर मला हाच काळ बरा वाटतो.

हस्कींकडे, म्हणजे गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांकडे, जायचं ठरवलं तर ओळखीतले सगळे म्हणाले, अगं बर्फ नाही तर काय बघणार, स्लेज (बर्फावरची घसरगाडी) हवी तर जानेवारीत जा. मी तरी बुकिंग केलं आणि आता सांगते, मी हिवाळ्यात स्लेजवर दोनदा बसलेय, पण कुत्री म्हणजे काय ते मला या चाकाच्या गाडीने दाखवलं.

ट्रॉम्सो शहर एका बेटावर आहे, तिथून पूल ओलांडला की क्वालोया, आकाराने कितीतरी मोठं बेट. तिथल्या एका फार्मवर सकाळी साडेआठला पोचलो. तापमान ४ अंश, रात्री पाऊस होऊन गेलेला, भूर्जाची झाडं नुसती पिवळी पेटलेली. गाडीतून उतरलो तर आवाज! शंभरेक कुत्री एकदम ओरडतायत, आई घाबरून माझा हात सोडेना. फार्मवरच्या मुलीने (बावीस-तेवीसची असेल) सांगितलं, हे चिडलेले नाहीत, हार्नेस (ओढायचे पट्टे) बाहेर काढताना दिसलेत त्यांना, प्रत्येक जण "मला घे" म्हणतोय.

गाडी म्हणजे लोखंडी सांगाडा, चार जाड टायर, मागे-पुढे दोन-दोन सीट, हॅंडल आणि चांगले दणकट डिस्क ब्रेक. गाडी एका खांबाला जाड दोराने बांधलेली असते आणि त्या दोराला एका झटक्यात सुटणारी कडी असते. आमच्या गाडीला बारा कुत्री, मधून एक लांब दोर आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी जोड्या. सगळ्यात पुढची जोडी लीड डॉग, रस्ता आणि हुकूम त्यांना कळावा लागतो. त्यांच्या मागची जोडी वळणावर साथ देते, मग मधली, आणि गाडीला लागून असलेली शेवटची जोडी व्हील डॉग, ती अंगाने भरलेली आणि शांत डोक्याची लागते कारण गाडीचा पहिला हिसका तिलाच बसतो. हे ऐकल्यावर अण्णा लगेच म्हणाले, सहा बैली नांगराला पण असंच, कुठला बैल कुठं जुंपायचा ते ठरलेलं असतंय.

पुढचा अर्धा तास अण्णांनी मला दुभाषी करून टाकलं. त्या मुलीला विचार, पट्टा कुठं घासतो. खांदे कधी बघता. ओझं मानेवर येतं का छातीवर. तिने एका कुत्र्याचा हार्नेस काढून त्यांच्या हातात दिला. छातीपासून पाठीवर फुलीसारखे जाणारे पट्टे, ओढदोर शेपटीपाशी, म्हणजे सगळा जोर छातीवर आणि खांद्यांवर विभागला जातो. गळ्यातल्या पट्ट्याला वेगळा छोटा दोर असतो तो फक्त ओळीत राहायला, त्याच्यावर ओझं नाही. ती म्हणाली, रोज पळून आल्यावर काखा आणि पंजे तपासतो, पंजाला जरा चीर दिसली तरी तो कुत्रा दुसऱ्या दिवशी सुट्टीवर. अण्णांनी तो हार्नेस उलटासुलटा करून शिवण चाचपली आणि आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात, तूप-हळदीनं खांदे चोळतात, ते तिला सांग म्हणाले. मी सांगितलं. तिने दोनदा विचारून नीट समजून घेतलं.

मग जुंपणी. जुंपलेला प्रत्येक कुत्रा उड्या मारत दोर ताणतोय, उभी गाडी हलतेय, खांब करकरतोय, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्यास्नी हाकाय लागत न्हाई, धराय लागतंय."

तिने कडी सोडली आणि एका क्षणात सगळं गप्प. मंडळी, ही शांतता मी वर्णन करू शकत नाही. अर्धा सेकंद आधी कानठळ्या, आणि मग फक्त अठ्ठेचाळीस पंजांचा चिखलात पडणारा आवाज, धापा, टायरखालची खडी. हिवाळ्यात बर्फ सगळे आवाज पिऊन टाकतो आणि आपण टोपी-गॉगल-मफलरमध्ये गुंडाळलेले असतो. इथे पाठीच्या कण्याची प्रत्येक हालचाल दिसते, कोण जोर लावतोय, कोण जरा मागे पडला की शेजारचा त्याच्याकडे बघतो, सगळं समोर. चिखल इतका उडतो की ओव्हरऑल, बूट आणि डोळ्यांना गॉगल तेच देतात, आणि ते खरंच लागतं.

दोन किलोमीटरवर ओढा होता. तिथे मुद्दाम थांबवली, कुत्री पाण्यात आडवी लोळली, प्यायली, आणि दोन मिनिटांत परत ओरडा सुरू, चला म्हणून. एकूण पाच-सहा किलोमीटर झाले असतील. वेग ताशी पंधरा-वीसचा, पण जमिनीला इतकं लागून बसल्यामुळे खूप जास्त वाटतो.

परत आल्यावर पिल्लं. तिथे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांना एकाच प्रकारची नावं देतात, या वेताची मसाल्यांची होती. कानेल म्हणजे दालचिनी, कार्डेमोम्मे म्हणजे वेलची. सकाळी हात न सोडणारी माझी आई वेलचीला मांडीवर घेऊन वीस मिनिटं बसली होती.

मुख्य सांगायचं ते हे. ही चाकाची गाडी पर्यटकांसाठी काढलेली पर्यायी सोय नाही. उन्हाळ्यात कुत्री विश्रांती घेतात, ऑगस्टच्या शेवटी हवा उतरायला लागली की सराव सुरू होतो, आधी दोन-तीन किलोमीटर, मग हळूहळू वाढवत. जड गाडी कमी वेगात ओढून स्नायू, सांधे, पंजे तयार होतात. हिवाळ्यात जे दिसतं ते या दोन-तीन महिन्यांत घडतं. आपण त्यांच्या तालमीत बसायला जातो. कुणाला जायचं असेल तर विचारा, माहीत असेल ते सांगेन.

निशिगंधा_क | ३ ऑक्टोबर, रात्री १०.१५

किती सुंदर लिहिलंयस गं. अण्णांचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. फोटो टाक ना, वेलचीचा तरी.

कातळवाट | ३ ऑक्टोबर, रात्री ११.०२

लेख आवडला पण एक खटकतंय, स्पष्टच लिहितो. प्राण्याला जुंपून आपण मजेत बसायचं हे मला पटत नाही. कुत्रा ओरडतो म्हणजे त्याला आवडतंय हे आपण ठरवणार का? मी काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात दुसऱ्या एका देशात अशा ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. दीड-दोन मीटरच्या साखळ्या, खाली शेणासारखा झालेला बर्फ, एका कुत्र्याच्या मांडीवरचे केस पूर्ण गेलेले. विचारलं तर उत्तर मिळालं नाही. तिथून निघालो तो पुन्हा गेलो नाही. आणि कॅनडात व्हिसलरला २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकनंतर धंदा पडला म्हणून स्लेजची कितीतरी कुत्री मारून पुरली होती, २०११ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा जगभर बातमी झाली होती. तुमचा फार्म चांगला असेल, पण मग फरक कसा ओळखायचा ते तरी लिहा.

ध्रुवगंध | ४ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

>>> मग फरक कसा ओळखायचा ते तरी लिहा

कातळवाट, बरं झालं विचारलंत, मी लिहायला हवं होतं. माझं मत असं झालंय की ओढण्यात क्रूरता नाही, क्रूरता ओढायचं नसतं त्या तेवीस तासांत असते. कुत्री कुठे झोपतात, मोकळी किती वेळ सोडतात, म्हातारी झाली की त्यांचं काय होतं. म्हणून मी बुकिंगच्या आधी ईमेल करून तीन गोष्टी विचारल्या होत्या. निवृत्त कुत्री कुठे जातात, मोकळं पळायचं कुंपण आहे का, आणि गरम दिवस निघाला तर फेरी रद्द करता का. तिसऱ्याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, त्यांनी सरळ लिहिलं की हवा गरम असेल तर पैसे परत देतो, गाडी निघणार नाही. निवृत्त कुत्र्यांपैकी काही घरी दत्तक दिलेली, आणि तीन म्हातारी तिथेच स्वयंपाकघरात शेकोटीपाशी पडलेली मी स्वतः पाहिली.

साखळी तिथेही काही कुत्र्यांना होती, लपवत नाही. प्रत्येकाला स्वतःचं लाकडी घर, वर चढून बसता येईल असं, आणि साखळी फिरत्या कडीवर. मलाही ते फारसं आवडलं नाही. त्या मुलीने सांगितलं की हळूहळू जोडीजोडीने कुंपणात हलवतोय.

गुरांचा_डॉक्टर | ४ ऑक्टोबर, दुपारी १.२०

मी पशुवैद्य आहे, कोल्हापूर भागात. स्लेजच्या कुत्र्यांवर काम केलेलं नाही पण शर्यतीच्या बैलांवर आणि शिकारी कुत्र्यांवर पुष्कळ, म्हणून उष्णतेबद्दल थोडं लिहितो कारण शरदातल्या गाडीचा सगळा मुद्दा तिथेच आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना जरासा येतो तेवढाच, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर. विश्रांतीत तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं, जोरात पळाला की ४० च्या वर सहज जातं. उणे वीसमध्ये ते लगेच उतरतं. १२-१५ अंशात आणि दमट हवेत उतरत नाही. म्हणून शरदात पहाटे किंवा रात्री पळवतात, अंतर कमी ठेवतात, मध्ये पाण्यात लोळू देतात. तो ओढ्यावरचा थांबा आपल्याला फोटोसाठी वाटेल पण तो कुत्र्यांसाठी आहे. साधारण १० अंशांच्या वर गेलं की जाणकार मशर (कुत्र्यांची गाडी चालवणारे) सावध होतात आणि १५ च्या पुढे बहुतेक जण गाडी काढतच नाहीत.

अजून एक, पळायच्या लगेच आधी पोटभर खायला देत नाहीत, पोट फुगून पीळ बसण्याची भीती असते. पळायच्या एक-दोन तास आधी मांसाचं पाणी पाजतात म्हणजे कुत्रा आवडीने भरपूर पितो. तुम्ही जिथे जाल तिथे हे विचारा, जो पटकन आणि नीट उत्तर देतो तो माणूस जनावर जाणतो.

कातळवाट यांच्या काळजीला अनुमोदन. प्रश्न विचारणारे पर्यटक वाढले की ठिकाणं सुधारतात. व्हिसलरच्या प्रकरणानंतर ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ साली स्लेजच्या कुत्र्यांसाठी वेगळे नियम केले, ते लोकांनी आवाज उठवला म्हणूनच.

मेघदूत७७ | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी. ध्रुवगंध ताई, तुम्ही जिथे गेलात त्याच भागातल्या माणसाने अलास्काचा इतिहास घडवलाय. लिओनार्ड सेपाला, जन्म १८७७, ट्रॉम्सोच्या पूर्वेच्या लिंगन भागातला, बाप लोहार आणि मासेमार. सोन्याच्या ओढीने १९०० च्या सुमारास अलास्कात नोमला गेला आणि कुत्र्यांचाच होऊन राहिला. १९२५ च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्प पसरला, बंदर गोठलेलं, विमान उडवणं धोक्याचं, तेव्हा नेनानाहून नोमपर्यंत साधारण १०८५ किलोमीटर घटसर्पावरचं औषध (अँटिटॉक्सिन) कुत्र्यांच्या गाड्यांनी नेलं. वीस मशर, दीडशेच्या आसपास कुत्री, साडेपाच दिवस. शेवटच्या टप्प्यात बाल्टो नावाचा कुत्रा होता म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा बाल्टोचा, पण सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा सेपालाने आणि त्याच्या बारा वर्षांच्या टोगोने काढला. बारा वर्षांचा कुत्रा, विचार करा.

आता धाग्याशी संबंध. त्याच नोममध्ये उन्हाळ्यात बर्फ गेला की लोक काय करायचे, तर जुन्या बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांवर छोटी चाकगाडी ठेवायचे आणि तिला स्लेजची कुत्री जुंपायचे! लोक त्याला पपमोबिल म्हणायचे. म्हणजे चाकाची गाडी ही आजच्या टुरिझमची कल्पना नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे.

मी_पुणेकरीण | ४ ऑक्टोबर, रात्री ८.१०

आमच्याकडे तीन वर्षांचा हस्की आहे, पुण्यात. धागा वाचून सकाळपासून विचार करतेय की याला पण ओढायची हौस असणारच, फिरायला नेलं की पट्टा खेचून खांदा निखळायची वेळ येते. सायकलला बांधून पळवला तर चालेल का? कुणाला अनुभव?

गुरांचा_डॉक्टर | ४ ऑक्टोबर, रात्री ९.००

ताई, तुमच्या कुत्र्याची ओढ खरी आहे, ती त्याच्या रक्तातच आहे, पण पुण्यात फार जपून. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरतो तेवढेच दिवस. तेसुद्धा सूर्य वर यायच्या आत, मातीच्या वाटेवर, डांबरावर नाही. सायकलपेक्षा आधी कमरेच्या पट्ट्याला दोर लावून त्याच्याबरोबर स्वतः पळा, याला कॅनिक्रॉस म्हणतात, युरोपात याच्या रीतसर स्पर्धा होतात. गळपट्ट्याला दोर अजिबात नाही, ओढायचा हार्नेसच हवा. एक किलोमीटरपासून सुरू करा. जीभ बाजूला लोंबून टोकाशी रुंद व्हायला लागली की थांबायचं, त्याला अजून पळायचं असलं तरी थांबायचं, कारण ही जात स्वतःहून थांबत नाही. मार्च ते ऑक्टोबर विचारही करू नका.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, निळे डोळे बघून मुंबई-पुण्यात हस्की विकत घेऊ नका. एसीत कोंडून ठेवलेली, वजन वाढलेली, त्वचा खराब झालेली कुत्री माझ्याकडे आणि माझ्या मित्रांकडे येतात. ज्याने एकदा दोर ताणून उड्या मारणारी कुत्री पाहिली त्याला हे बघवत नाही.

मी_पुणेकरीण | ४ ऑक्टोबर, रात्री ९.२५

धन्यवाद डॉक्टर. आम्ही विकत घेतला नाही, आधीच्या लोकांनी सोडून दिला होता तो आणला. हार्नेस मागवते आणि डिसेंबरची वाट बघते.

उत्तरेची_सून | ५ ऑक्टोबर, सकाळी ११.५०

मी हेलसिंकीत असते, फिनलंडच्या लॅपलँडमध्ये रोवानिएमीजवळ दोन वेळा शरदात जाऊन आलेय. तिकडे या रंगांच्या दिवसांना रुस्का म्हणतात, सप्टेंबरमध्ये साधारण दोन आठवडे असतो, जमिनीलगतची झुडपं अक्षरशः लाल. आम्ही गेलो तिथे गाडीऐवजी क्वाड बाइकला कुत्री जुंपलेली, इंजिन बंद, फक्त चढाला किंचित मदत आणि उताराला ब्रेक. वजन जास्त असल्याने ताकद चांगली वाढते असं सांगितलं. पण मला ध्रुवगंधसारखी मोकळी गाडीच जास्त आवडली असती.

एक सांगते, जाणाऱ्यांची निराशा होऊ नये म्हणून. तिथली कुत्री चित्रातल्या हस्कीसारखी दिसत नाहीत! माझ्या भाचीने विचारलं, मावशी हस्की कुठेयत. बहुतेक ठिकाणी अलास्कन हस्की असतात, ती काही नोंदणीकृत जात नाही, पळण्यासाठी पिढ्यान्पिढ्या निवडून केलेला संकर आहे. वीस-पंचवीस किलोची, सडपातळ, आखूड केसांची, कुणाचे कान पडलेले, कुणी तांबूस, कुणी काळं. केसाळ आणि मुखवट्यासारख्या चेहऱ्याची ती सायबेरियन, दिसायला देखणी पण लांब शर्यतीत सहसा मागे पडतात. एकदा पळताना बघितल्यावर भाचीने परत विचारलं नाही.

कातळवाट | ५ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

ध्रुवगंध आणि डॉक्टर, दोघांचेही आभार. तेवीस तासांचा मुद्दा पटला. मी अजून जाईनच असं म्हणत नाही, पण गेलो तर शरदातच जाईन, कारण बर्फाखाली सगळं झाकलं जातं आणि चिखलात काही लपत नाही.

मेघदूत७७ | ५ ऑक्टोबर, दुपारी ४.०५

कातळवाट, अजून एक जोड. बर्फच आता उशिरा यायला लागलाय. अलास्काच्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीचा नेहमीचा मार्ग बर्फाअभावी सोडून २००३, २०१५ आणि २०१७ मध्ये सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सहून करावी लागली होती. ही परिस्थिती वाढली तर चाकांवरचे दिवस वाढणार आणि बर्फावरचे कमी होणार. मला त्याचं वाईट वाटतं.

ध्रुवगंध | ५ ऑक्टोबर, रात्री ८.५०

मेघदूत, सेपालाचं अण्णांना वाचून दाखवलं. टोगो बारा वर्षांचा होता म्हटल्यावर त्यांनी त्यांच्या सर्जाची गोष्ट परत सांगितली, मी लहान असताना आमच्याकडे होता तो, शेवटची चार वर्षं जुंपला नाही पण बेंदराला झूल आधी त्याच्या अंगावर.

एक राहिलं होतं लिहायचं. डावी-उजवीकडे वळवायला लगाम नसतो, नुसता आवाज. उजवीकडे जी, डावीकडे हॉ. ती मुलगी म्हणाली, हे शब्द मुळात इंग्रजी मुलखातल्या बैल-घोड्यांच्या गाडीवानांचे, तिथून कुत्र्यांकडे आले. परतीच्या वाटेवर एका फाट्याला तिने अण्णांना हुकूम द्यायला सांगितलं. अण्णा जोरात "हॉ" म्हणाले आणि बारा कुत्री डावीकडे वळली. मागे बसून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, ताठ झाली होती एकदम.

निशिगंधा, वेलचीचा फोटो टाकलाय वर.

शांतला_द | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही २० ऑक्टोबरच्या आठवड्यात ट्रॉम्सोला जातोय, सासूबाई बरोबर आहेत, वय ७१, गुडघे दुखतात. गाडीत चढणं-उतरणं जमेल का? आणि तेव्हा चाकं असतील की बर्फ?

ध्रुवगंध | ६ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

शांतला, किनाऱ्यालगत तेव्हा बहुतेक चाकंच असतील, पाऊस किंवा ओला बर्फ धरून चाला, आतून लोकरीचे कपडे घाला, सुती नको. माझी आई ६६ ची आहे, तिचेही गुडघे दुखतात. पायरी साधारण गुडघ्याच्या उंचीची होती, धरायला दांडा होता, दोघांनी आधार दिला की जमलं. वाट खडबडीत आहे, कंबरेला हिसके बसतात, तेव्हा पाठीचा त्रास असेल तर बुकिंग करताना सांगा, पुढच्या सीटवर कमी हादरे लागतात. आणि सासूबाईंना आधी सांगून ठेवा की सुरुवातीचा ओरडा फक्त कडी सुटेपर्यंत असतो.